बार्नबी थ्रिपचं दुसरं पान

नाश्त्याला बसल्या बसल्या बार्नबी थ्रिपनं आपलं चरित्र उघडलं आणि चौथ्या ओळीत त्याला कळलं, की आपण मेंढ्यांचे डॉक्टर आहोत.

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मेंढ्या जागच्या हलल्या नाहीत.

"हॅरिएट," तो म्हणाला, "गेली वीस वर्षं मी काय करतो गं?"

हॅरिएट टोस्टला लोणी लावत होती. "कशाचं?"

"कशाचं म्हणजे? पोटापाण्याचं!"

"ऑपेरांची पदं लिहिता. ऑन्स्लो त्यांना चाली लावतात, लोक त्या चाली गुणगुणत घरी जातात, आणि तुम्ही चिडचिड करत घरी येता. का हो?"

"मग हे वाच."

ते 'हयात नामवंतांचा कोश' नावाचं लाल बांधणीचं जाडजूड पुस्तक होतं आणि कालच टपालानं आलं होतं. त्या आठवड्यात सगळ्या लंडनभर तेच चाललं होतं. ज्याचं नाव आत होतं तो पुस्तक दिवाणखान्यात सहज पडल्यासारखं ठेवत होता, आणि ज्याचं नव्हतं तो वाचनालयात जाऊन गुपचूप पुन्हा एकदा बघून येत होता.

हॅरिएट मोठ्यानं वाचू लागली. "'थ्रिप, बार्नबी. जन्म १८३६, इस्लिंग्टन. वडील चष्म्यांचे व्यापारी.' बरोबर. 'विवाह, हॅरिएट, एडवर्ड टूली यांची धाकटी कन्या.' धाकटी छापलंय ते बरं केलं, ताईनं वाचायला हवं. 'रोमनीच्या पाणथळ कुरणांत तीस वर्षं मेंढ्यांच्या खुरांचा अभ्यास. "कुजकं खूर: कारणं आणि उपाय" हा ग्रंथ सर्वमान्य. मेंढपाळ परिषदेचं रौप्यपदक.'" तिनं टोस्ट खाली ठेवला. "अहो, पदक? आणि मला दाखवलं नाहीत?"

"थट्टा सुचतेय तुला!"

थट्टेची वेळ नव्हती, हे खरंच होतं. बार्नबीनं रूपर्ट ऑन्स्लोसाठी एकोणीस विनोदी ऑपेरा लिहिले होते. जाहिरातीत ऑन्स्लोचं नाव घोड्यांच्या बसच्या टपावरूनसुद्धा वाचता येई. थ्रिपचं नाव वाचायला मात्र खाली उतरून, वाकून, पावसानं कागदाचा तो कोपरा ठेवला असेल तर, नशीब आजमावावं लागे. कोशाचा फॉर्म आला तेव्हा त्याला वाटलं होतं, झाला एकदाचा न्याय. जन्माचं पहिलं पान त्यानं पाच मिनिटांत भरलं. कर्तृत्वाचं दुसरं पान लिहायला अकरा दिवस लागले, आणि शेवटी ते त्यानं हॅरिएटला सांगून तिच्या हातानं उतरवून घेतलं. कारण त्याचं स्वतःचं अक्षर असं होतं, की ऑन्स्लोनं एकदा त्याच्या खाडाखोडीलाच चाल लावली होती, आणि ते पद गाजलंही होतं.

आता त्यानं घाईघाईनं पानं उलटून ऑन्स्लोचं चरित्र काढलं. एकेचाळीस ओळी होत्या, सगळ्या बिनचूक. अगदी शेवटी लिहिलं होतं, 'यांच्या काही कृतींतले शब्द बी. थ्रिप यांचे आहेत.'

"काही?" बार्नबी ओरडला. "एकोणिसातले एकोणीस!"

"पण बी. थ्रिप म्हणजे तुम्हीच कशावरून?" हॅरिएट म्हणाली. "हे बघा, तुमच्या खालीच आणखी एक आहेत. 'थ्रिप, बोआझ. जन्म लिड, परगणा केंट. वडील मेंढपाळ. "बिशपची छत्री", "दोन नवऱ्यांची मेयरीण" इत्यादी एकोणीस ऑपेरांचे पदकार. यमकांवर विलक्षण हुकमत.'"

"विलक्षण हुकमत हे माझे शब्द आहेत!"

"माहितेय. मीच लिहून घेतलेत."

तासाभरात बार्नबी कोशाच्या कचेरीत पोचला. संपादक पेकओव्हर हा अतिशय सभ्य, बारीक आवाजाचा माणूस होता. अठरा हजार नामवंत त्यानं कपाटांमध्ये टाचण्या लावून ठेवले होते. त्यातून त्यानं दोन थ्रिप बाहेर काढले.

"बघा ना!" बार्नबी म्हणाला. "टाचण्या सुटल्यात आणि दुसरी पानं इकडची तिकडे गेलीत. इतकी साधी गोष्ट आहे. हे ऑपेरांचं पान माझं."

"शक्य आहे," पेकओव्हर म्हणाला. "हे अक्षर आपलं का?"

"नाही. बायकोचं आहे."

"आणि हे मेंढ्यांच्या पानावरचं?"

"ते कुणाचं, मला काय ठाऊक!"

"म्हणजे दोन्ही अक्षरं आपली नाहीत. सही दोन्हीकडे 'बी. थ्रिप'. आपण माझी अडचण समजून घ्या, साहेब."

"अहो, पण मी स्वतः इथे उभा आहे! मला विचारा ना मी कोण ते!"

पेकओव्हर कसनुसा हसला. "माणसाला विचारून कोश काढायचा म्हटलं, तर इंग्लंडात नामवंत नसलेला माणूस औषधालाही सापडणार नाही. असं करा, त्या दुसऱ्या थ्रिप साहेबांना घेऊन या. दोघांनी माझ्यासमोर सांगितलं कोण कोण ते, की पुढच्या आवृत्तीत पानं फिरवतो. तोवर शुद्धिपत्रात काही करता येतं का बघतो."

शुद्धिपत्र शनिवारी आलं. त्यात छापलं होतं: 'थ्रिप, बार्नबी यांच्या चरित्रात "कुजकं खूर" याऐवजी "कुजकी खुरं" असे वाचावे.'

बार्नबीनं केंटला बोआझ थ्रिपना पत्र लिहिलं. उत्तर नाही. दुसरं लिहिलं, तिसरं लिहिलं. केंटमधून चकार शब्द आला नाही. त्याऐवजी रिचमंडहून लेडी विकस्टेडबाईंचं आमंत्रण आलं. 'थ्रिप साहेबांनी मंगळवारी सपत्नीक जेवायला यावं, भेटीची फार उत्कंठा आहे.'

"फक्त आपल्याला!" बार्नबी पत्र नाचवत म्हणाला. "ऑन्स्लोचं नावसुद्धा नाही! बघ हॅरिएट, जाणकार माणसं अजून आहेत."

मंगळवारी हॅरिएटनं जांभळं रेशीम नेसलं आणि बार्नबीनं मखमली कॉलरचा काळा कोट चढवला. जेवताना म्हणून दाखवायला त्यानं तीन पदं पाठ केली होती. लेडी विकस्टेड म्हणजे उंच, खणखणीत आवाजाच्या बाई. त्यांनी दोघांना दिवाणखान्यात बसूसुद्धा दिलं नाही. बरोबर पाचसहा पाहुणे घेऊन त्या तरातरा मागच्या हिरवळीवर निघाल्या. तिथे एका कुंपणात सात मेंढ्या होत्या.

"ही बघा क्लेमेंटिना," बाई म्हणाल्या. "चार दिवस लंगडतेय. तुमचं नाव कोशात वाचलं आणि मी म्हटलं, देवच पावला!"

बार्नबी दोन पावलं मागे सरकला. "बाईसाहेब, काहीतरी घोटाळा होतोय. मी त्यातला नाही. मी पदं..."

"पदक! हो, वाचलंय मी. विनय पुरे आता, तिच्या पायात कळा येतायत."

"तसं नव्हे. मी यमकं जुळवतो."

"जुळवा, काय हवं ते जुळवा. पण आधी पाय बघा."

बार्नबीनं केविलवाण्या नजरेनं बायकोकडे पाहिलं. हॅरिएट त्याच्या कानाशी लागून कुजबुजली, "आता उचला की पाय! सगळे बघतायत."

"कुठला?"

"तिचा!"

बार्नबी मखमली कॉलरसकट चिखलात बसला. क्लेमेंटिनानं त्याच्या छातीवर एक लाथ घातली, तेव्हा कुठला पाय दुखतोय हे तरी कळलं. खुराच्या बेचक्यात काहीतरी चमकत होतं. त्यानं खिशातला पेन्सिलीला टोक करायचा चाकू काढला, डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि टोकानं हलकेच उचकटलं. एक तुटकी केसांची पिन बाहेर पडली.

"माझीच की!" लेडी विकस्टेड म्हणाल्या.

क्लेमेंटिना उठली, चार पावलं सरळ चालली आणि गुलाबाचं रोप खाऊ लागली. पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

बार्नबीनं आजवर टाळ्या पुष्कळ ऐकल्या होत्या. पण त्या ऑन्स्लोच्या चालींना असायच्या, नाहीतर गाणारणीच्या गळ्याला. त्या टाळ्यांमध्ये आपला वाटा किती, हे त्याला कधीच कळलं नव्हतं. या टाळ्या सगळ्याच्या सगळ्या त्याच्या होत्या. गुडघ्याला चिखल, हातात पिन, अशा थाटात तो उभा राहिला आणि त्याच्या नकळत कमरेतून वाकला.

पुढे जेवताना लोकांनी त्याला बोलतं केलं. आधी तो 'हं', 'हो', 'तसं असतं खरं' एवढंच म्हणत होता. मग सूप आलं, मग मासा आला, आणि मटणाच्या वेळेला तर बार्नबी एकटाच बोलत होता. काय काय बोलला ते त्याला नंतर धड आठवेना. पण एक म्हातारे कर्नलसाहेब ते बाहीवरच्या कडक कफावर टिपून घेत होते, एवढं त्यानं पाहिलं होतं.

परतीच्या गाडीत हॅरिएटनं बार्नबीच्या कॉलरवरचा चिखल झटकला. मग म्हणाली, "अहो, तुम्ही मेंढ्यांबद्दल बोलत होता ना, तेव्हा फार छान दिसत होता."

"हॅरिएट, मला मेंढीतलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणून तर. तुम्हाला कळतं त्याबद्दल बोलता तेव्हा फार कटकट करता."

हे बोलणं कौतुकाचं की टोमण्याचं, याचा विचार करत बार्नबी दुसऱ्या दिवशी ऑन्स्लोकडे गेला. कोशातला घोटाळा त्याच्या कानावर घालावा आणि जमलं तर त्याचाच शब्द पेकओव्हरकडे टाकावा, असा बेत होता. ऑन्स्लो पियानोपाशी बसला होता. एरवी बार्नबीला पाहिलं की त्याचं तोंड आंबट व्हायचं. आज तो धावत आला आणि त्यानं मिठीच मारली.

"थ्रिप! लेका, कुठे लपवून ठेवलं होतंस हे?"

"काय?"

"काय म्हणजे? नवीन ऑपेराचा पहिला अंक! सोमवारी टपालानं आला, मी रात्रीपर्यंत दोन चाली लावूनसुद्धा टाकल्या. अरे, वीस वर्षांत पहिल्यांदा तुझं पद मला पहिल्या वाचनात कळलं! साधं, सरळ, गोड. कुणाच्या हातून लिहवून घेतलंस? अक्षरसुद्धा लागतंय!"

बार्नबीनं कागद हातात घेतले. वर लिहिलं होतं, 'मेंढपाळाची तीन लग्नं. बी. थ्रिप'.

"ऑन्स्लो, हे मी लिहिलेलं नाही."

"मी एखादी ओळ बदलली की दरवेळी तू हेच म्हणतोस."

"अरे, खरंच नाही लिहिलं!"

"बदललीच असेल एखादी. आता जुनं उकरून काढू नकोस, ऐक." आणि ऑन्स्लो गाऊ लागला.

बार्नबी ऐकत राहिला. एका म्हाताऱ्या मेंढपाळाची बायको त्याला विचारते, तू घरी असतोस तेव्हा कुठे असतोस? एवढंच पद होतं. त्यात लॅटिन शब्दाला जुळणारा ग्रीक शब्द नव्हता, की पाच अक्षरांचं यमक नव्हतं. बार्नबीला हसू आलं. हे आपल्याला कधीच जमलं नसतं, हे त्याला स्वच्छ कळलं. गेल्या काही आठवड्यांत स्वच्छ कळलेली तेवढीच एक गोष्ट होती.

घरी आला तर बैठकीत एक लालबुंद चेहऱ्याचा, रुंद खांद्यांचा गृहस्थ टोपी मांडीवर घेऊन बसला होता. हॅरिएट त्याला चहा देत होती.

"अहो, हे बघा कोण आलेत," ती म्हणाली. "तुम्ही आलात."

"बोआझ थ्रिप," गृहस्थ उठून म्हणाला. "राम राम साहेब. तुमची तिन्ही पत्रं पोचली. अक्षर काय लागलं न्हाई. पाद्रीबाबांना दाखवलं, तर ते म्हनले, जुनी हिब्रू असंल. पन पाठीमागं पत्ता छापलेला व्हता, म्हनून आलो."

"ते 'मेंढपाळाची तीन लग्नं' तुम्ही लिहिलंत?" बार्नबीनं विचारलं.

बोआझ टोपी चुरगाळू लागला. "माफी करा साहेब. मी तरी काय करनार? त्ये पुस्तक पाद्रीबाबांच्या घरी आलं आनि गावात बोभाटा झाला, की बोआझ लंडनला जाऊन गुपचूप नाटकं लिहितो. मी लाख सांगितलं, न्हाई बाबांनो. तर म्हनले, बघा कसा लाजतोय. मग म्हनले, सुगीच्या जेवनाला आपल्यासाठी एक लिही. बसलो एक दिवस गोठ्यात, दोन दिवस बसलो. यायला लागलं की भराभर! पयला अंक झाला तसा पाद्रीबाबांनी सुवाच्य उतरवला आनि पाठवूनबी दिला लंडनला, त्या चालीवाल्या साहेबांना."

"आणि तुमची बायको काय म्हणाली?" हॅरिएटनं विचारलं.

बोआझचा चेहरा उजळला. "त्येच तर सांगायचंय, बाई! मी वरसातनं दोनदा लंडनला यायचो. औषध आनायला म्हनून सांगायचो. ती तीस वर्सं संशय घेत व्हती. परवा पुस्तक वाचून माझ्या गळ्यात पडून रडली. म्हनाली, नाटकं लिहायला जात व्हता व्हय! आधी का न्हाई बोललासा?"

"मग खरं कशाला येत होता?"

बोआझनं दाराकडे बघून आवाज उतरवला. "झोपायला. लिव्हरपूल स्ट्रीटपाशी एक सराई हाय. दोन दिवस नुसता झोपायचो. आता ह्ये तिला कसं सांगू?"

हॅरिएट हसून हसून चहादाणीवर वाकली. बार्नबीला हसावं की रडावं कळेना. "पण थ्रिपसाहेब, खरं ते खरं," तो म्हणाला. "तुम्ही मेंढ्यांचे, मी पदांचा. उद्या जाऊन पेकओव्हरला सांगितलं पाहिजे."

"सांगितलं पायजे," बोआझ जड आवाजात म्हणाला. "खोटं आपल्याला न्हाई जमत. बायकोला बी सांगीन मग."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पेकओव्हरसमोर उभे राहिले. पेकओव्हरनं दोन्ही फॉर्म टेबलावर मांडले, नवी टाचणी काढली, लेखणी शाईत बुडवली.

"आता सावकाश सांगा," तो म्हणाला. "आपल्यापैकी पदकार कोण?"

बार्नबीनं तोंड उघडलं. त्याला ऑन्स्लोचा पियानो ऐकू आला, मग त्या टाळ्या ऐकू आल्या. विसावा ऑपेरा, त्यासाठी अजून न सापडलेला 'ऑर्किड'ला जुळणारा शब्द, जाहिरातीचा तो भिजका कोपरा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. शेजारी उभ्या असलेल्या बोआझकडे त्यानं पाहिलं. फाशीचा हुकूम ऐकायला उभा असावा तसा तो उभा होता. आपण कोण, हा प्रश्न इतका अवघड असेल असं बार्नबीला कधी वाटलं नव्हतं.

"हे," बार्नबी म्हणाला आणि त्यानं बोआझकडे बोट दाखवलं.

बोआझ दचकला. त्यानं बार्नबीकडे पाहिलं, पेकओव्हरकडे पाहिलं आणि छताकडे पाहून तो काहीतरी पुटपुटला.

"आणि मेंढ्यांचे डॉक्टर?"

"हे," बोआझ म्हणाला. "मोठं नाव हाय यांचं आमच्याकडं."

पेकओव्हरच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं. "म्हणजे कोशात छापलंय तेच बरोबर. मी आधीच म्हटलं होतं, साहेब, चूक आमच्याकडून होत नाही." त्यानं दोन्ही फॉर्मना घट्ट टाचण्या मारल्या आणि दोघांना दारापर्यंत पोचवलं.

रस्त्यावर धुकं होतं. दोघं कोपऱ्यापर्यंत चालत आले.

"साहेब," बोआझ म्हणाला, "ह्यो दुसरा अंक मला जरा जड जातोय. तुम्ही हात लावाल का गुपचूप?"

"लावीन की. पण माझं एक काम करा. एक साधी शंका आहे मेंढीबद्दल."

"विचारा."

"मेंढीला वरचे दात असतात ना?"

"पुढचे म्हनता? वरचे न्हाईत. नुसती हिरडी असती."

बार्नबी जागच्या जागी उभा राहिला. "अरे देवा! लेडी विकस्टेडना मी ते सकाळ-संध्याकाळ घासायला सांगितलेत."

"आरं बापरं! मग?"

"आजच पत्र आलंय त्यांचं," बार्नबी म्हणाला. "फरक पडलाय म्हणतात."